सेव्ह न म्हणता सेव्ह कसं होतं?

परवा टीममधल्या एका नवीन मुलाचा जावा कोड बघत होतो, तर दर दोन ओळींनी सेव्हचा कॉल, म्हणजे "हे डेटाबेसमध्ये ठेव" अशी आज्ञा. का रे, म्हटलं तर म्हणे "असू दे सर, टाकलेलं बरं असतं." दाराला लिंबू-मिरची बांधतात तोच हा प्रकार, आणि तो घालवायचा तर जेपीएच्या, म्हणजे जावातला डेटा डेटाबेसमध्ये ठेवायच्या स्टँडर्डच्या, आत काय चालतं ते एकदा बघायलाच हवं.

डेटाबेसमध्ये टेबलं असतात, ओळी आणि कॉलम, 1970 साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेली कल्पना. जावात मात्र ऑब्जेक्ट असतात, एकमेकांना धरून बसलेले, म्हणजे वाचनालयाच्या सभासदाकडे पुस्तकांची यादी आणि पुस्तकाकडे परत तो सभासद. टेबलात असं धरणंबिरणं नाही, तिथे नुसते नंबर जुळवायचे. या दोघांमधल्या दुभाष्याला ओआरएम म्हणतात.

2000 च्या आसपास असे दुभाषे बरेच झाले. ईजेबी या जावा स्टँडर्डमधले एंटिटी बीन होते, ते वापरायला फार जड, जेडीओ हे दुसरं स्टँडर्ड होतं, टॉपलिंक होतं, 2001 मध्ये गेविन किंगने हायबरनेट सुरू केलं आणि लोक भराभर तिकडे वळले. पण प्रत्येकाची बोली वेगळी, एकावरून दुसऱ्यावर जायचं तर अर्धा कोड नव्याने लिहा. सप्टेंबर 2004 मध्ये ईजेबीच्या लिंडा डीमिशेल आणि जेडीओचे क्रेग रसेल, दोघेही सन कंपनीतले, यांनी जाहीर पत्र लिहिलं की साध्या जावा ऑब्जेक्टसाठी एकच मॉडेल करूया. तरी वाद लगेच मिटला नाही. 2005 च्या सुरुवातीला जेडीओची पुढची आवृत्ती, जेडीओ 2, जावाची स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीच्या मतदानात नापास झाली, मग फेरमतदानात पास. शेवटी मे 2006 मध्ये ईजेबी 3.0 च्या पोटात ते एकच मॉडेल, जेपीए 1.0, आलं.

आता माझा आवडता भाग. जेपीएमध्ये तुम्ही 7 नंबरचा सभासद मागवला की एंटिटी मॅनेजर तो आणतो आणि स्वतःच्या वहीत नोंदवतो. या वहीचं नाव पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट. त्याच वहीत पुन्हा 7 नंबर मागा, तोच ऑब्जेक्ट परत मिळतो, कॉपी नाही, अगदी तोच. मग तुम्ही नुसता पत्ता बदलता, बाकी काही करत नाही, ट्रान्झॅक्शन कमिट होतं, म्हणजे त्या खेपेतले सगळे बदल पक्के होतात, आणि डेटाबेसमध्ये पत्ता बदललेला असतो! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास तेच करून बघत बसलो होतो.

हायबरनेट हे असं करतं: ऑब्जेक्ट आणतानाच त्याच्या सगळ्या किमतींची एक प्रत बाजूला ठेवतं, आणि कमिटच्या आधी एकेक फील्ड त्या प्रतीशी ताडून बघतं, फरक दिसला की अपडेट पाठवतं. याला डर्टी चेकिंग म्हणतात. टॉपलिंकचा वारस असलेलं एक्लिप्सलिंक दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकतं, ते तुमच्या क्लासच्या बाइटकोडमध्येच, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, शिरून किंमत बदलणाऱ्या सेटरमध्ये "मी बदललो" अशी खूण घालतं, मग ताडून बघायची गरजच नाही. स्टँडर्डने दोन्ही चालवून घेतलंय, कारण त्यात कमिटला काय दिसायला हवं एवढंच लिहिलंय, कसं करायचं ते ज्याचं त्याने बघावं. माझ्या मते इतके भांडणारे लोक एका कागदावर येऊ शकले ते यामुळेच.

अजून एक बारकावा. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच तुम्ही "पुण्यातले सभासद द्या" अशी क्वेरी मारली आणि वहीत कुणाचं गाव नुकतंच बदललेलं असेल, तर ऑटो फ्लश मोडमध्ये (फ्लश म्हणजे वहीतले बदल डेटाबेसकडे पाठवणं) तो बदल क्वेरीला दिसलाच पाहिजे, म्हणून अपडेट कमिटच्या आधीच निघून जातो. लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसकडे काय काय गेलं त्याच्या नोंदीत, भलत्याच जागी अपडेट दिसला की माणसं घाबरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आणि "ओआरएम आलं, आता एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) शिकायला नको" असं जे क्लासवाले सांगतात ते साफ चूक आहे. पुस्तकं लेझी, म्हणजे लागतील तेव्हाच आणायची, ठेवून 100 सभासदांच्या यादीवर लूप फिरवला आणि आत प्रत्येकाची पुस्तकं मोजली तर साध्या सेटिंगमध्ये 1 ऐवजी 101 क्वेऱ्या जातात, आणि ते एसक्यूएल वाचता आल्याशिवाय कळणार कसं? शिवाय स्टँडर्डमध्ये लेझी ही नुसती सूचना आहे, दुभाष्याने ती मानलीच पाहिजे असं नाही.

त्या मुलाला मी लॉग चालू करून दाखवला. जेपीएमध्ये सेव्ह नावाचा कॉल नाही, नव्या ऑब्जेक्टसाठी पर्सिस्ट आणि बदललेला ऑब्जेक्ट वहीत घ्यायला मर्ज आहे, आणि वहीत आधीच असलेल्या ऑब्जेक्टवर मर्ज मारला तर त्या ऑब्जेक्टपुरतं काहीच होत नाही. त्याचे सगळे सेव्ह काढले, परत चालवलं, अपडेट तेवढेच गेले, एकही कमी नाही.