बाह्य अवकाश करार आणि आर्टेमिस करार: फरक नेमका कशात?

बातम्यांत दोन्हींना 'करार'च म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९६७ चा बाह्य अवकाश करार हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २०२० चा आर्टेमिस करार ही चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेली राजकीय कबुली आहे, कायद्याचे बंधन नव्हे. त्याला 'समझोता' म्हणणे जास्त बरोबर, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे आज जी धावपळ चालली आहे, तिच्यातले बहुतेक वाद या दोन कागदांमधल्या फटीत आहेत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सहीनंतर काय होते ते पाहणे. बाह्य अवकाश करारावर भारताने १९६७ मध्येच सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे रीतसर अंतिम मान्यता, दिली १९८२ मध्ये. करारातून बाहेर पडायचे तर लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर एक वर्ष थांबावे लागते. आर्टेमिस समझोत्यावर भारताची सही २१ जून २०२३ रोजी झाली आणि काम तिथेच संपले. अनुसमर्थनाची पायरी त्यात नाहीच. एवढेच नव्हे, संयुक्त राष्ट्रांकडे आंतरराष्ट्रीय करार म्हणून त्याची नोंदणी होऊ शकत नाही, असे त्याच्या शेवटच्या कलमातच लिहिले आहे.

सदस्य कोण, हा दुसरा फरक. बाह्य अवकाश करारात ११० हून जास्त देश आहेत आणि त्यांत अमेरिका, रशिया, चीन तिघेही आहेत. आर्टेमिसची सुरुवात १३ ऑक्टोबर २०२० रोजी आठ देशांनी केली. आता सह्या ५० च्या पुढे गेल्या आहेत, पण चीन आणि रशिया बाहेरच आहेत. चंद्रावरील संशोधन तळाचा त्यांचा वेगळा प्रकल्प २०२१ मध्ये जाहीर झाला. (१९७९ चा चंद्र करार हा आणखी तिसराच कागद. अमेरिका, रशिया, चीन यांपैकी कोणीच त्यात नसल्याने व्यवहारात त्याला फारसे वजन नाही.)

खरी खेचाखेच चंद्राच्या ध्रुवावरच्या बर्फावरून, म्हणजे पाण्यावरून आहे. बाह्य अवकाश कराराचे कलम २ सांगते की चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाच्या दाव्याने, वापराने, कब्जाने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मालकी सांगता येणार नाही. मात्र तिथून काढलेल्या पाण्याचे किंवा खनिजाचे काय, याबद्दल ते गप्प आहे. आर्टेमिसचे कलम १० ही जागा भरते: संसाधन काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे. याच्या समर्थनार्थ खोल समुद्राचा दाखला देतात. समुद्र कोणाचा नाही, पण जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा. ध्रुवावरच्या बर्फाला हा दाखला नीट बसत नाही. मासेमारीची बोट पुढे निघून जाते, खाणकामाची यंत्रे मात्र एकाच जागी वर्षानुवर्षे उभी राहतात. शिवाय सोयीच्या जागा मोजक्याच. ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून जेमतेम दीड अंश वर येतो, त्यामुळे सौरऊर्जेसाठी उंच कडाच लागतात. बर्फ असतो तो त्यांच्या पायथ्याच्या कायम अंधाऱ्या विवरांत. सुमारे २१ किलोमीटर व्यासाच्या शॅकल्टन विवराच्या कडेवर सगळ्यांचा डोळा आहे तो यासाठीच.

मग येतात 'सुरक्षा क्षेत्रे', आर्टेमिसचे कलम ११. यांना कुंपण समजणे ही सर्रास होणारी चूक. आपण कुठे काय करणार आहोत हे देशाने कळवायचे, क्षेत्राचा आकार अभियांत्रिकीच्या मान्य तत्त्वांवर ठरवायचा, बदल झाला की सांगायचे आणि काम संपले की क्षेत्रही संपवायचे, अशी ती पद्धत आहे. गरज खरी आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चे यान सर्व्हेयर ३ या जुन्या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले. हवा नसल्याने इंजिनाच्या झोताने उडालेली धूळ वाटेत मंदावली नाही. सर्व्हेयरचे जे भाग पृथ्वीवर परत आणले, त्यांच्यावर त्या धुळीच्या माऱ्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. यापुढे माणसांना घेऊन उतरणारी याने याहून बरीच जड असतील.

अडचण अशी की हे क्षेत्र मानायला चीन बांधील नाही. त्याच्यावर बंधन आहे ते बाह्य अवकाश कराराच्या कलम ९ चे: इतरांच्या हितांची योग्य दखल घ्या आणि आपल्या कामामुळे हानिकारक अडथळा येईल असे वाटले तर आधी सल्लामसलत करा. 'योग्य दखल' म्हणजे किती मीटर, हे कुठेच लिहिलेले नाही. दोन तळांची क्षेत्रे एकाच कड्यावर एकमेकांत शिरली, तर निवाडा करणारे न्यायालय यांपैकी एकाही कागदाने नेमलेले नाही. हा वाद सुटायचा तर बोलूनच, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना समान असा कागद फक्त जुना आहे.

त्याच जुन्या कागदात आज सर्वांत उपयोगी पडू शकेल असे एक कलम आहे, बारावे. त्यानुसार चंद्रावरची ठाणी, साधने आणि याने परस्पर तत्त्वावर इतर सदस्य देशांच्या प्रतिनिधींना खुली ठेवावी लागतात. पाहुण्यांनी पुरेशी आगाऊ सूचना द्यायची, म्हणजे सुरक्षेची काळजी घेता येते आणि चालू कामात खोळंबा होत नाही. अमेरिका आणि चीन दोघेही याला बांधलेले आहेत. सुरक्षा क्षेत्र जाहीर केले म्हणून ही जबाबदारी टळत नाही.