किकडाउन केबल आणि टीव्ही केबल: दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या

नवं बांधलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) साडेतीनशे मैलांत घसरायला लागलं, म्हणजे इंजिनचा जोर पुरता चाकांपर्यंत पोचेना, असं मित्राने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी केबलचं विचारलं. गाडी 1972 ची शेव्हरोले सी-10 पिकअप. मूळचं तीन गिअरचं टीएच350 काढून त्याने ओव्हरड्राइव्हवालं, म्हणजे इंजिनचे फेरे कमी ठेवणारा चौथा गिअर असलेलं, 700आर4 बसवून घेतलं होतं. तेही साधंसुधं नाही. जादा क्लच प्लेटा, कॉर्व्हेटचा मोठा सर्व्हो, 13 पात्यांचा पंप, कडक केलेला सन शेल. खर्च करताना हात आखडता घेतला नव्हता.

"केबल म्हणजे ती किकडाउनची ना? ती जरा सैल ठेवलीय म्हणाले बसवणारे. मला कुठे शर्यत लावायचीय?"

निदान तिथेच झालं. ट्रान्समिशनचा ऑइल पॅन खाली घेतला तो नुसता सोपस्कार होता. ऑइलचा लाल रंग जाऊन ते काळपट तपकिरी झालेलं, तळाशी बोटाला लागेल असा काळा गाळ, आणि जळक्या क्लचचा तो वास, जो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. वर कार्बोरेटरपाशी केबल चिमटीत धरून पाहिली तर ती सहज अर्धा इंच हलत होती.

गोंधळ होतो तो समजण्यासारखा आहे. दोन्ही केबल कार्बोरेटरच्या थ्रॉटल लिव्हरला (इंजिनात हवा सोडणारी झडप उघडणाऱ्या दांड्याला) अडकतात, इंजिनच्या मागून खाली उतरतात आणि ट्रान्समिशनच्या उजव्या बाजूला एका बोल्टने केसिंगमध्ये शिरतात. एक्सलेटर दाबला की दोन्ही ओढल्या जातात. जुनी काढून नवी लावणाऱ्याला हे एकाच वस्तूचं नवं मॉडेल वाटतं. फरक सगळा आत आहे, ऑइल पॅनच्या वर.

आधी जुनी. टीएच350 हे 1969 पासूनचं ट्रान्समिशन. त्यातल्या केबलला डिटेंट केबल म्हणतात, बोलताना किकडाउन केबल. तिला एकच काम: तुम्ही एक्सलेटर तळापर्यंत दाबलात की ती आतला डिटेंट व्हॉल्व्ह ओढते आणि ट्रान्समिशन वरच्या गिअरमधून खाली उतरतं. ओव्हरटेक करताना जो झटका बसतो तो हिचा. बाकी सगळा वेळ ती नुसती बसून असते. मग इंजिन किती जोर लावतंय हे टीएच350 ला कळतं कसं? त्यासाठी केसिंगच्या उजव्या बाजूला मागे पत्र्याचा एक गोल डबा असतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी त्याच्यापर्यंत येते. गाडी रमतगमत चालली असेल तर व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनची हवा शोषण्याची ओढ, भरपूर असतो, आणि ट्रान्समिशन आतला ऑइलचा दाब कमी ठेवतं. चढ लागला, मागे माल भरला, पाय खोल गेला की व्हॅक्यूम पडतो, दाब चढतो आणि क्लच प्लेटा घट्ट आवळल्या जातात.

(मॉड्युलेटरचा आतला पडदा फाटला तर इंजिन त्या नळीतून ट्रान्समिशनचं ऑइल चक्क पिऊन टाकतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, बाहेर कुठे थेंबभर गळती नाही, आणि डिपस्टिकवर ऑइल दर आठवड्याला कमी. नळी काढून आत लाल ओल दिसली की चोर सापडला.)

म्हणजे टीएच350 मध्ये कामं वाटून दिलेली आहेत. दाबाचं मॉड्युलेटर बघतो, जोराच्या किकडाउनचं केबल. ही केबल तुटली किंवा कुणी लावलीच नाही तरी गाडी वर्षानुवर्षं चालते. किकडाउन मिळत नाही, इतकंच. हवा असेल तेव्हा गिअर लिव्हर हाताने खाली घ्यायची. असे ट्रक मी कितीतरी पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांनी हीच शिकवण पुढच्या ट्रान्समिशनला लावली की घात होतो.

700आर4 1982 मध्ये आलं. त्याला मॉड्युलेटर नाही. तो डबा, ती नळी, काहीच नाही. दोन्ही कामं एका केबलकडे आली, आणि तिचं नाव टीव्ही केबल. दूरदर्शनशी संबंध नाही, थ्रॉटल व्हॉल्व्हचं ते आखूड रूप. केबल आत एक लिव्हर ओढते, लिव्हर एक प्लंजर दाबतो, प्लंजर स्प्रिंग दाबतो, आणि स्प्रिंगच्या पलीकडे थ्रॉटल व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगवर जितका भार, तितका टीव्ही दाब. हा दाब दोन ठिकाणी जातो. एक, पंपातल्या बूस्ट व्हॉल्व्हकडे, जिथे तो सगळ्या ट्रान्समिशनचा मुख्य दाब वाढवतो. दुसरं, गिअर बदलणाऱ्या शिफ्ट व्हॉल्व्हांकडे, जिथे तो गव्हर्नरच्या दाबाशी झुंजतो. गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे म्हणतो "वर चल", टीव्ही म्हणतो "थांब, अजून जोर लागतोय". एक्सलेटर तळाला नेल्यावरचा किकडाउनही याच व्हॉल्व्हमधून येतो, पण तो हिच्या कामाचा शेवटचा तुकडा आहे. पहिला तुकडा एक्सलेटरला पाय लागताक्षणी सुरू होतो.

आता केबल सैल ठेवली तर काय होतं ते बघा. तुम्ही निम्मा एक्सलेटर दाबून चढ चढताय. इंजिन जीव तोडून ओढतंय. ट्रान्समिशनला मात्र वाटतं की पाय अजून उचललेलाच आहे. मुख्य दाब आयडलच्या (पाय उचललेला असून इंजिन नुसतं चालू असतानाच्या) आसपास पडून राहतो, म्हणजे प्लेटा हलक्या हाताने धरलेल्या. आणि टीव्हीचा विरोध नसल्याने गव्हर्नर लवकर जिंकतो, गाडी वेळेआधी वरच्या गिअरमध्ये जाते, आणि तिथे त्याच प्लेटांवर जास्त भार येतो. ओझं वाढलं आणि पकड ढिली झाली, दोन्ही एकाच वेळी. बळी बहुतेकदा 3-4 क्लच पॅकचा जातो, कारण तो तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरमध्ये कामाला असतो आणि इनपुट ड्रममध्ये त्याला जागाही बेताची. प्लेटा कितीही वाढवा, महागातला माल घाला, त्यांना आवळणारा दाबच आला नाही तर त्या घासून जळणार. मित्राला शर्यत लावायची नव्हती हे खरं, पण हा दोष शर्यतीची वाट पाहत नाही. रोजचा सभ्य, मऊ पायाचा ड्रायव्हरच यात आधी अडकतो, कारण मऊ शिफ्ट त्याला चांगल्या वाटतात. "किती अलगद गिअर बदलतो बघ," असं तो कौतुकाने सांगत असतो, आणि तो अलगदपणा म्हणजेच घसरण असते.

उलट दिशेला चूक झाली, केबल जास्त ताणली, तर शिफ्ट उशिरा आणि दणक्यात होतात, जरा पाय दाबला की गाडी खालच्या गिअरमध्ये पळते, चौथा गिअर लवकर येतच नाही. वैताग येतो, पण ट्रान्समिशन वाचतं. मला दोन्हींतून एक चूक निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

इथे एक वाईट सवय सांगायलाच हवी. शिफ्ट उशिरा होतायत म्हणून टीव्ही केबल सैल करायची, लवकर होतायत म्हणून ताणायची, असं बरेच जण करतात. किकडाउनच्या केबलवर असे प्रयोग केले तर फारसं बिघडत नाही. टीव्ही केबल मात्र शिफ्टची वेळ लावायचा स्क्रू नव्हे. तळापर्यंत एक्सलेटर दाबल्यावरची वेळ बदलायची तर डाव्या बाजूच्या गोल टोपणाखाली गव्हर्नर असतो, त्याची वजनं आणि स्प्रिंग बदला.

जुळवणी तशी सोपी. कार्बोरेटरच्या बाजूला केबलच्या ब्रॅकेटमध्ये एक बटण असतं. इंजिन बंद. बटण दाबून स्लायडर कार्बोरेटरपासून मागे, पूर्ण आत ढकलायचा, बटण सोडायचं, आणि थ्रॉटल लिव्हर हाताने पूर्ण उघडायचा. टकटक आवाज करत स्लायडर आपली जागा शोधतो. मग पाहायचं ते दोन ठिकाणी: आयडलला केबलमध्ये ढील नको, आणि पूर्ण थ्रॉटलला केबलचा प्रवास पूर्ण झालेला हवा. याशिवाय कुणाला तरी आत बसवून एक्सलेटर दाबायला लावा. जुन्या ट्रकांत पेडल चटईवर टेकतं तरी कार्बोरेटर पूर्ण उघडत नाही, असं सर्रास आढळतं.

अवघड आहे ती भूमिती. कारखान्यातून आलेल्या क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या लिव्हरवर केबल अडकवायची जागा या ट्रान्समिशनचा हिशेब धरून ठेवलेली असते. होली किंवा एडेलब्रॉक कार्बोरेटर लावला की तो हिशेब चुकतो. भोक लिव्हरच्या मध्यापासून भलत्याच अंतरावर येतं. मग आयडल जमवावं तर पूर्ण थ्रॉटलला केबल अपुरी, आणि पूर्ण थ्रॉटल जमवावं तर आयडललाच केबल ताणलेली. दोन्ही टोकं जमली तरी मधल्या टप्प्यात ओढ मागे पडू शकते, आणि ट्रक चालतो तो बहुतेक वेळ मधल्या टप्प्यातच. यासाठी दुरुस्तीचे ब्रॅकेट आणि लिव्हरचे तुकडे मिळतात. मित्राच्या गाडीवर एडेलब्रॉक होता, आणि तो तुकडा नव्हता.

शेवटी खात्री दाबाचा गेजच देतो. 700आर4 ला डाव्या बाजूला, गिअर लिव्हरच्या दांड्याजवळ, दाब मोजायचा प्लग असतो. 300 पीएसआयपर्यंतचा गेज तिथे लावून नळी केबिनपर्यंत आणायची. एक्सलेटर जरासा दाबला की काटा लगेच उठला पाहिजे. थ्रॉटल पाव उघडेपर्यंत काटा जागचा हलत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

हा घोळ शेव्हरोलेपुरता नाही. फोर्डच्या सी4 आणि सी6 मध्ये मॉड्युलेटर आहे आणि वेगळा किकडाउन रॉड. 1980 च्या एओडीमध्ये, जे नावातच ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्ह आहे, मॉड्युलेटर गेला आणि टीव्ही रॉड आला, पुढे इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत टीव्ही केबल. दोन्हींचे लिव्हर डाव्या बाजूला, गिअरच्या लिव्हरच्या पोटातूनच बाहेर येतात, त्यामुळे सी6 काढून एओडी बसवणारा हमखास फसतो. क्रायस्लरने तर आणखी मजा केली आहे. 727 टॉर्कफ्लाइटच्या दांड्याला सगळे किकडाउन लिंकेज म्हणतात, पण तिथे मॉड्युलेटर नाहीच, तो दांडा दाबाचाच आहे. नाव किकडाउनचं, काम टीव्हीचं. तो न जोडता गाडी चालवली तर तीही प्लेटा जाळते.

एवढा व्याप करायचा कशासाठी? तर हिशेब असा: 3.73 चा मागचा एक्सल आणि 28 इंची टायर असेल तर ताशी 65 मैलांना टीएच350 वर इंजिनचे मिनिटाला साधारण 2,900 फेरे होतात. 700आर4 चा चौथा गिअर 0.70 चा, त्यामुळे तेच फेरे 2,040 च्या आसपास येतात. शिवाय पहिला गिअर 2.52 ऐवजी 3.06, म्हणजे माल भरून सुटताना जोरही जास्त.

केबलची कटकटच नको असेल तर 1993 पासूनचं 4एल60ई आहे, 700आर4 चंच इलेक्ट्रॉनिक भावंड. त्यात केबल नाही. थ्रॉटलवरचा सेन्सर संगणकाला सांगतो आणि संगणक सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने) दाब ठरवतो. मात्र कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनवर ते लावायचं तर वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो आणि कार्बोरेटरला थ्रॉटल सेन्सर जोडावा लागतो, आणि तो सेन्सर चुकीचा बसवला तर प्लेटा जळण्याचं तेच नाटक वायरीतून होतं.

मित्राने तेच 700आर4 पुन्हा बांधलं. या वेळी कार्बोरेटरला दुरुस्तीचा तुकडा लावला, आणि पहिले दोन दिवस गेजची नळी खिडकीतून आत घेऊन गेज विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात चिकटवला. मी शेजारी बसलो होतो. सिग्नल सुटला, त्याने पाय ठेवला आणि गाडी हलायच्या आत काटा उठला. शिफ्ट पूर्वीपेक्षा जरा करकरीत लागत होते. तो म्हणाला, "आधी किती मऊ होतं रे." मी गेजकडे बोट दाखवलं.