विणायला निवांतपणा लागतो? छे!

‘विणकाम हा रिकाम्या वेळेचा उद्योग, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असलं की ते जमणं नाही,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरं तर उलट आहे. मध्येच सोडता येतील अशी कामं मोजकी. विणकाम त्यातलं एक.

टाके सुईवर अडकलेले असतात, म्हणून ओळ अर्धी टाकून उठलं तरी काही बिघडत नाही. परत आल्यावर धागा ज्या सुईवरून लोंबतोय ती उजव्या हातात घ्यायची आणि पुढे चालू. (उठण्यापूर्वी टाके टोकापासून जरा मागे सरकवा. घाईत निसटतात ते टोकावरचेच.) साधी सुलट वीण असेल तर दूध तापेपर्यंत अर्धी ओळ होते. जाळीचं किचकट डिझाइन मात्र अशा दिवसांत हाती घेऊ नये, मोजणी चुकली की डोक्याला तापच.

आणि विणकामाने मन शांत होतं म्हणतात, ते? 2013 मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. वारंवार विणणाऱ्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं. अर्थात हे त्यांचं स्वतःचं सांगणं. विणकाम म्हणजे औषध, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण दिवसभर आवरलेलं घर संध्याकाळी पुन्हा पसरतं, विणलेल्या चार ओळी तेवढ्या सकाळी जागच्या जागी असतात.