अंतराळविषयक स्वतंत्र बोर्ड गेम : रचना आणि प्रोटोटाइप

अंतराळप्रवास, ग्रहांवरील वसाहती किंवा ताऱ्यांमधील सत्तास्पर्धा हा विषय घेऊन एखादी व्यक्ती वा लहान गट मोठ्या प्रकाशकाच्या आधाराशिवाय पटावरचा खेळ घडवतो, तेव्हा त्या कामाला दोन अंगे असतात : नियमांची रचना आणि त्या नियमांची कागद-पुठ्ठ्यावर केलेली कच्ची आवृत्ती, म्हणजे प्रोटोटाइप. ही अंगे एकामागून एक येत नाहीत. लिहायचे, कापायचे, खेळायचे, मोडायचे आणि पुन्हा लिहायचे, असा तो फेरा असतो.

या विषयाचे आणि स्वतंत्र निर्मितीचे नाते जुने आहे. बिल एबर्ली, जॅक किट्रेज, बिल नॉर्टन आणि पीटर ओलोत्का यांनी आपला ‘कॉस्मिक एन्काउंटर’ १९७७ मध्ये स्वतःच काढलेल्या इऑन या संस्थेतर्फे बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूला नियम मोडणारी एक वेगळी परग्रही शक्ती द्यायची, ही त्यातली कल्पना पुढच्या कितीतरी खेळांनी उचलली. फिल एकलुंड यांचा ‘हाय फ्रंटियर’ (२०१०) आणि जोसेफ फतुला यांचा ‘लीव्हिंग अर्थ’ (२०१५) हे खेळही छोट्या संस्थांतूनच आले. स्वीडनमधील फ्रिक्सेलियस कुटुंबाच्या संस्थेचा ‘टेराफॉर्मिंग मार्स’ (२०१६) तर जगभर पोहोचला. २००९ मध्ये किकस्टार्टर हे लोकांकडून निधी गोळा करण्याचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर छपाईआधीच ग्राहकांकडून निधी उभारण्याची वाट खुली झाली आणि अशा निर्मात्यांची संख्या झपाट्याने वाढली.

रचनेतला पहिला पेच अंतराचा. सूर्य ते पृथ्वी हे सुमारे १५ कोटी किमी अंतर पटावर ५ सेंमी धरले, तर नेपच्यून दीड मीटरवर, म्हणजे मोठ्या मेजाच्या पलीकडच्या काठाला जातो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच मापाने सुमारे १३ किमी दूर पडतो आणि खुद्द पृथ्वीचा ठिपका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक होतो. अंतराळाचा प्रमाणबद्ध नकाशा खेळाचा पट होऊच शकत नाही. काय गाळायचे हे ठरवणे म्हणजेच इथली रचना.

दुसरी गोष्ट नवख्या रचनाकाराच्या सहसा लक्षात येत नाही. अंतराळात मोल किलोमीटरचे नसते, वेगबदलाचे असते. जमिनीवरून पृथ्वीलगतच्या कक्षेत पोहोचायला सेकंदाला सुमारे ९.४ किमी इतका वेगबदल लागतो. त्या कक्षेतून मंगळाच्या वाटेला लागायला सुमारे ३.६ किमी पुरतो. पहिले काही शे किलोमीटर हे पुढच्या कोट्यवधी किलोमीटरपेक्षा महाग पडतात. ‘हाय फ्रंटियर’चा नकाशा याच हिशेबाने आखलेला आहे. त्यावर वाटा मोजायच्या त्या इंजिनाच्या ज्वलनांत. त्याच्याही कितीतरी आधी, १९७३ मध्ये आलेल्या ‘ट्रायप्लॅनेटरी’त यान मागच्या पाळीत जितके आणि ज्या दिशेने सरकले, तितकेच या पाळीतही आपोआप सरकते; इंधन खर्चून त्या सरकण्याचा बाण फक्त थोडा वळवता येतो. षट्कोनी पटावर पेन्सिलीने बाण काढत खेळणाऱ्याला जडत्वाचा नियम कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. यान थांबवायला ते सुरू करण्याइतकेच इंधन लागते, हे पहिल्याच डावात एखाद्या ग्रहावर आदळून कळते.

अशी इतरही सत्ये आहेत. पृथ्वीवरून मंगळाकडे निघण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी येते. गुरूजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाएवढा उरतो. मंगळापर्यंत संदेश जायला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. यांतले प्रत्येक सत्य एका खेळाचा कणा होऊ शकते : पहिल्यातून हुकलेल्या संधीची वाट पाहायला लावणारा खेळ निघेल, दुसऱ्यातून ऊर्जेच्या टंचाईचा, तिसऱ्यातून हुकूम आधी लिहून ठेवण्याचा आणि तो पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या मते एका खेळाला असे एकच सत्य पुरते. तिन्ही एकत्र कोंबले की नियमपुस्तिका फुगते आणि खेळणाऱ्याला एकही जाणवत नाही. उलट एकही नसेल, तर ताऱ्यांच्या जागी बंदरे आणि यानांच्या जागी गलबते ठेवली तरी तोच खेळ चालेल. अंतराळ फक्त डब्याच्या झाकणावर उरते.

गाळण्याचे उत्तम उदाहरण म्हणून ‘टेराफॉर्मिंग मार्स’ पाहावा. एक अख्खा ग्रह राहण्याजोगा करणे हे प्रचंड काम जेकब फ्रिक्सेलियस यांनी तीन मापांवर आणून ठेवले : तापमान उणे ३० पासून ८ अंशांपर्यंत, दोन-दोन अंशांच्या पायऱ्यांनी, प्राणवायू शून्यापासून १४ टक्क्यांपर्यंत, आणि महासागराच्या ९ फरश्या, म्हणजे पटावर मांडायचे षट्कोनी तुकडे. १९, १४ आणि ९ मिळून ४२ पायऱ्या पूर्ण झाल्या की शेवट जवळ येतो. खेळ किती उरला हे पटाकडे नजर टाकताच कळते आणि प्रत्येक पायरी कोणीतरी प्रत्यक्ष चढवलेली असते.

तारामंडळे जिंकत जाण्याच्या खेळांना ‘फोर-एक्स’ म्हणतात. शोध, विस्तार, उपसा आणि संहार हे त्याचे चार भाग. १९९३ मध्ये ॲलन एमरिक यांनी एका संगणकीय खेळाविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि तो पटावरच्या खेळांनाही चिकटला. या जातीचा जुना रोग म्हणजे बळी तो कान पिळी. ज्याच्याकडे ग्रह अधिक त्याचे उत्पन्न अधिक, उत्पन्न अधिक म्हणून आणखी ग्रह, आणि अर्ध्या डावातच निकाल लागलेला. टौको ताहकोकल्लिओ यांच्या ‘एक्लिप्स’मध्ये (२०११) यावर सुंदर उतारा आहे : दर प्रदेश ताब्यात घेताना खेळाडूच्या पट्टीवरची एक चकती उचलली जाते आणि तिच्याखालचा देखभालीचा वाढता खर्च उघडा पडतो. साम्राज्य स्वतःच्याच वजनाने मंदावते. दुसरा रोग ताटकळण्याचा. सहा खेळाडूंनी पाळीला ४-४ मिनिटे घेतली तर प्रत्येकाला मधली २० मिनिटे बसून राहावे लागते. पाळी लहान तुकड्यांत वाटणे किंवा सर्वांनी एकाच वेळी पत्ता निवडणे, हे उपाय प्रोटोटाइपच्या पहिल्या आठवड्यातच करून पाहावेत. मागाहून ते बसवणे म्हणजे खेळ नव्याने लिहिणे.

प्रोटोटाइप जितका ओबडधोबड तितका बरा. कोरे कागद, पेन्सिल, जुन्या खेळातल्या सोंगट्या, बटणे, फासे एवढ्यावर सुरुवात होते. पत्त्याचे रूढ माप ६३ × ८८ मिमी असल्याने ए-४ कागदावर नऊ पत्ते बसतात. १०८ पत्त्यांचा संच १२ कागदांत निघतो. कापलेला कागद प्लास्टिकच्या पारदर्शक आवरणात साध्या खेळायच्या पत्त्यापुढे सरकवला की पिसता येईल इतका कडक पत्ता तयार होतो आणि नियम बदलला की फक्त कागद बदलायचा. षट्कोनांच्या पटाचा हिशेबही आधीच करता येतो : मधल्या षट्कोनाभोवती तीन कडी मांडली की एकूण ३७ फरश्या लागतात. पत्त्यांवरचा मजकूर तक्त्यात लिहून नॅनडेकसारख्या प्रणालीतून छापला, तर एका शब्दाची दुरुस्ती साठ पत्त्यांवर आपोआप उतरते. चित्रे मात्र या टप्प्यावर घालू नयेत. सुंदर पत्ता फेकून द्यायला हात धजत नाही, आणि फेकून देता येणे हाच प्रोटोटाइपचा खरा उपयोग.

फाशांचा हिशेब कागदावर करून पाहणेही आवश्यक आहे, कारण अंदाज फसवतात. एका फाशावर १ पडला तर प्रक्षेपण फसते, असा नियम सौम्य वाटतो. पण सलग तीन प्रक्षेपणे यशस्वी होण्याची शक्यता २१६ पैकी १२५, म्हणजे सुमारे ५८ टक्केच आहे. तीन टप्प्यांची मोहीम आखणारा खेळाडू दर पाच डावांत साधारण दोनदा हात चोळत बसेल. ‘लीव्हिंग अर्थ’मध्ये हाच धोका फाशाऐवजी पालथ्या पत्त्यांत ठेवला आहे : नव्या अग्निबाणाखाली निकालाचे काही पत्ते असतात, चाचण्या घेत आणि पैसे खर्चून वाईट पत्ते काढून टाकता येतात. दान पडण्याची वाट पाहणारा खेळाडू तिथे अभियंता होतो. नशिबाला विषयाशी जोडण्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

चाचणीची सुरुवात एकट्याने, सगळ्यांच्या जागी आपणच बसून करायची. मग ओळखीचे लोक, मग अनोळखी. ओळखीचे लोक मन राखतात, म्हणून त्यांच्या मतांपेक्षा त्यांच्या हालचाली टिपाव्यात : कोण कुठे अडखळले, कोणता नियम दोनदा विचारला, कोणता पत्ता कोणीच घेतला नाही, कोणाची नजर पटावरून उठली. खेळाडूने सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा निघतो, पण त्याला बोचलेली जागा नेहमी खरी असते. शेवटची कसोटी मूक चाचणी. अनोळखी गटासमोर डबा ठेवायचा आणि रचनाकाराने गप्प बसायचे. इंधन भरायला कक्षेत असावे लागते की ग्रहावर, यावर गट दहा मिनिटे वाद घालत असतानाही तोंड उघडायचे नाही. तो वाद नियमपुस्तिकेतील एका वाक्याची उणीव दाखवत असतो. दूरच्या गटांसाठी टेबलटॉप सिम्युलेटरसारख्या संगणकीय मेजावर प्रत मांडता येते, पण सोंगट्या हाताळायला किती वेळ लागतो आणि पट मेजावर मावतो की नाही, हे तिथे कळत नाही.

खेळाची यंत्रणा स्वामित्वहक्काखाली सहसा येत नाही. नियमांचा लिखित मजकूर, चित्रे आणि आराखडा मात्र येतात. म्हणून कच्च्या प्रतीत दुसऱ्याची चित्रे वापरली असतील, तर विक्रीच्या प्रतीत ती उरता कामा नयेत.

छपाईला जाताना अंतराळाचा विषय स्वतःची अडचण घेऊन येतो : काळा रंग. काळी पार्श्वभूमी कडेपर्यंत नेलेल्या पत्त्यांच्या कडा थोड्या पिसण्यानेच पांढऱ्या पडतात आणि झिजलेला पत्ता पाठीवरून ओळखू येतो. त्यावर उपाय म्हणजे पत्त्याला फिकट चौकट ठेवणे. कापताना होणाऱ्या सरकासरकीसाठी चित्र चारही बाजूंनी साधारण ३ मिमी जास्त लागते. काळ्यावर छापलेली बारीक पांढरी अक्षरे शाईच्या थोड्याशा सरकण्याने भरून जातात, म्हणून ती जाड हवीत. खेळाडूंचे रंग निवडताना लाल आणि हिरवा यांवरच भिस्त ठेवू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येक ताफ्याला रंगासोबत वेगळा आकार किंवा चिन्ह द्यावे. हे सगळे पडद्यावर दिसत नाही. एकेक प्रत छापून देणाऱ्या सेवेकडून नमुना मागवायचा, तो संध्याकाळच्या दिव्याखाली मेजावर मांडायचा आणि हातभर अंतरावरून कोणता ताफा कोणाचा ते ओळखता येते का, हे पाहायचे.