मेरुद्रव-गळतीची डोकेदुखी : कण्याच्या चित्रणातील खुणा

मेंदू व मेरुरज्जू यांना वेढणारा मस्तिष्क-मेरुद्रव कमी पडल्यामुळे होणाऱ्या, बहुधा उभे राहिल्यावर वाढून आडवे होताच उतरणाऱ्या डोकेदुखीत कण्याच्या एमआरआय व सीटी तपासणीत काही ठरावीक बदल दिसतात. आपोआप उद्भवणाऱ्या अशा विकाराचे वर्णन जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ गेऑर्ग शाल्टेनब्रांट यांनी १९३८ मध्ये केले. निदानासाठी द्रवाचा दाब द्रवस्तंभाच्या ६० मिलिमीटरपेक्षा कमी असावा असा एक निकष आहे. परंतु अनेक रुग्णांत तो नेहमीइतकाच भरतो, त्यामुळे ‘कमी दाबाची डोकेदुखी’ हे रूढ नाव थोडे फसवेच आहे. यामुळेच चित्रणाचे महत्त्व वाढते.

कण्याच्या पोकळीत दृढतानिकेचे, म्हणजे मेरुरज्जू व द्रव यांभोवतीचे सर्वांत बाहेरचे चिवट आवरण हाडाला चिकटलेले नसते. द्रव घटला की हे आवरण आत बसते आणि बाहेर मोकळी झालेली जागा फुगलेल्या शिरा भरून काढतात. आवरण फाटले असेल, तर त्याच्या बाहेर अनेक मणक्यांच्या लांबीइतका द्रवाचा पट्टा साचतो आणि चरबीचा प्रकाश दाबून घेतलेल्या टी-२ एमआरआय चित्रांत तो ठळक उमटतो. मात्र द्रव जिथे दिसतो तिथेच छिद्र असते असे नाही. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमागे साचलेला द्रव हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय : गळती बरीच खाली, छातीच्या भागात असूनही तो तिथे दिसू शकतो. नेमकी जागा शोधण्यासाठी पाठीत रंगद्रव्य सोडून, ते वाहत असतानाच झटपट चित्रे घेणारी मायलोग्राफी करावी लागते. आवरणाच्या पुढच्या बाजूची चीर पुष्कळदा दोन मणक्यांमधील चकतीजवळ वाढलेल्या, कॅल्शियमयुक्त टोकदार हाडामुळे पडलेली असते.

मज्जामुळांपाशी आवरणाच्या लहान पिशव्या दिसतात. पण त्या निरोगी माणसांतही आढळत असल्याने केवळ त्यांवरून गळती ठरत नाही.

याउलट, एमआरआयमध्ये आवरणाबाहेर द्रव न दिसल्याने गळती नाही असे म्हणता येत नाही. २०१४ मध्ये प्रथम वर्णिलेल्या मेरुद्रव-शिरा जोडणीत द्रव थेट शिरेत जातो, बाहेर साचत नाही. रुग्णाला कुशीवर निजवून केलेल्या मायलोग्राफीत कण्यालगतची एखादी शीर रंगद्रव्याने उजळते, एवढीच तिची खूण. दोन्ही कुशींची तपासणी अनेकदा वेगवेगळ्या दिवशी करावी लागते.