माग थांबला, हे बोर्डाला कसं कळतं?

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत यंत्रमागांची खटाखट ऐकू येते. एकच विणकर दोन-चार माग सांभाळत असेल, तर त्यातला एक गप्प झालेला त्या गोंगाटात चटकन उमगत नाही. हे ओळखायला आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि एसडब्ल्यू-४२० हा कंपन-सेन्सर पुरतो.

या सेन्सरमधला जोड स्थिर असताना जुळलेला असतो, हादरा बसला की क्षणभर तुटतो. सोबतची एलएम३९३ चिप त्याचं स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ करते. जोडणी तीन तारांची: सेन्सरची व्हीसीसी (वीजपुरवठा) उनोच्या ५ व्होल्टला, जीएनडी ग्राउंडला, डीओ (‘हो-नाही’चा संकेत) उनोच्या पिन २ ला.

खरी गंमत प्रोग्राममध्ये आहे. नवशिके बहुतेक वेळा ‘पिन वाच, सेकंदभर थांब, परत वाच’ असं लिहितात. जोड तुटतो तो काही मिलिसेकंदांपुरताच. बोर्ड थांबलेला असताना तो निसटून जातो. म्हणून इंटरप्ट वापरायचा: पिन २ किंवा ३ वर बदल झाला की उनो हातातलं काम सोडून त्याची दखल घेतो. पण हादरे मोजत बसू नये. एकाच दणक्यात जोड अनेकदा थरथरतो, आकडा फुगतो. शेवटचा हादरा कधी आला, तेवढी वेळ लिहून ठेवावी. माग मिनिटाला १२० वेळा धोटा (आडवा धागा नेणारा भाग) फेकत असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला एक दणका बसतो. २ सेकंद शांतता म्हणजे चार दणके हुकले. तेव्हा बझर वाजवायचा.

शेजारच्या मागाचा हादरा जमिनीतून येतो, ही मोठी डोकेदुखी. सेन्सर मागाच्या सांगाड्यालाच स्क्रूने घट्ट बसवावा. मग आपला माग बंद, शेजारचे चालू ठेवून सेन्सरच्या पट्टीवरचा, संवेदनशीलता कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू फिरवून बघावा. मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको, कारण हा सेन्सर मुळात हादरा किती जोराचा ते सांगतच नाही. जोर हवा असेल तर पिएझो चकती घ्यावी. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. चकतीला समांतर १ मेगाओहमचा रोध लावून ती उनोच्या ए० या अ‍ॅनालॉग पिनला जोडली, की हादऱ्याच्या जोरानुसार ० ते १०२३ असा आकडा मिळतो.

ताण्याचा (उभा) एखादा धागा तुटला तर मात्र दोन्ही सेन्सरना ते कळणार नाही. साधा माग तसाच हादरत राहतो आणि कापड बिघडत जातं. तिथे नजर विणकराचीच लागते.