सुतारपक्ष्यामुळे झाड मरतं का?

झाडाला भोकं दिसली की "सुतारपक्ष्याने पोखरून मारलं" असं लगेच म्हटलं जातं आणि मला दरवेळी वाटतं, बिचाऱ्यावर उगाच आळ. बहुतेक वेळा फांदी आधीच मेलेली किंवा आतून कुजलेली असते, तिच्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात आणि त्या खायला हा येतो. घरट्याची ढोली कोरायलाही बरेच सुतारपक्षी बुरशीने मऊ झालेलं लाकूडच शोधतात.

पण धडधाकट झाडाला मुद्दाम जखमा करणारेही आहेत. उत्तर अमेरिकेतले सॅपसकर, चार जाती आहेत त्यांच्या. हे सालीत ओळीने छोटी भोकं पाडतात आणि ब्रशसारख्या जिभेने रस टिपतात.

आता खरी गंमत. शाळेत शिकलेलं आठवा, जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात आणि रसवाहिन्या पानांत बनलेली साखर खाली आणतात. पानं फुटली की जलवाहिन्यांतलं पाणी वरून ओढलं जात असतं, म्हणजे तिथे भोक पाडलं तर बाहेर काही येत नाही, उलट हवाच आत खेचली जाते. म्हणून पानं फुटायच्या आधी सॅपसकर खोल, गोल भोकं पाडून जलवाहिन्यांतला पातळ रस घेतो आणि पानं आली की पद्धत बदलून उथळ, चौकोनी भोकं पाडतो, थेट सालीलगतच्या रसवाहिन्यांत. तिथे रस दाबाखाली असतो, कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब. पण रसवाहिनी फुटली की झाड तिच्या चाळणीसारख्या पडद्यांवर प्रथिनं आणि मग कॅलोज नावाचा पदार्थ साचवून गळती बंद करतं, आपलं रक्त गोठतं तसंच काहीसं. मग पक्षी काय करतो, तर जुन्या भोकांच्या जरा वर नवीन पाडतो. खाली वाट अडलेली असल्याने साखर तिथेच तुंबलेली असते!

धोका कधी, तर ही भोकं खोडाभोवती पूर्ण फिरली की. मग मुळांना साखर मिळत नाही आणि ती उपाशी मरतात, पानं मात्र बराच काळ हिरवी राहतात कारण पाणी वर जातच असतं. थोड्या ओळी असतील तर मधल्या शाबूत पट्ट्यांतून काम चालतं, बहुतेक झाडं तगतात.

(सुतारपक्ष्याच्या कवटीत शॉक अॅब्सॉर्बर असतो हे फिरतं ना, तेही सोडून द्या, २०२२ मध्ये संशोधकांनी हाय-स्पीड व्हिडिओ तपासून दाखवलं की त्याचं डोकं कडक हातोडीसारखंच चालतं.)

आणि भोकांत सिमेंट, डांबर कृपा करून भरू नका. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड खराब भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. वरून फासलेल्या लेपाने कूज थांबत नाही. पक्षी एकाच खोडावर रोज येत असेल तर तेवढ्या भागाला गोणपाट सैल गुंडाळा, बस.